चार बोटांवरची आत्या

इंग्रज लोक दोन गावांमधलं सरळ अंतर सांगताना कावळ्याचा हवाला देतात. कावळा उडत गेला तर इतके मैल. आमच्याकडे कावळ्याला पिंडाला शिवण्यापलीकडे कुणी काम सांगत नाही, त्यामुळे मला हा हिशेब कधीच पटला नाही. स्टॉर्नोवेहून सम्बराला जायला कावळ्याला दोनशे मैलांच्या वर उडावं लागतं. स्टॉर्नोवेचा वारा मी खाल्लेला आहे. छातीठोकपणे सांगते, कावळा निघणारच नाही.

स्टॉर्नोवे स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या समुद्रात, लुईस बेटावर. सम्बरा शेटलंडच्या दक्षिण टोकाला, इतकं उत्तरेला की तिथल्या माणसांना लंडनपेक्षा नॉर्वे जवळचा. दोन्हीकडे विमानतळ आहेत, आणि सरळ विमान असतं तर तासाभरात माणूस पोचला असता. पण सरळ विमान नव्हतं. आधी दक्षिणेला इनव्हरनेसला उतरायचं, तिथे बसून राहायचं, मग ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉलला जायचं, आणि तिथून सम्बराला. सगळं जुळलं तर सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या चहाला पोचायचा. सगळं जुळणं ही गोष्ट लग्नाच्या पत्रिकेत घडते, तिथल्या हवेत नाही.

पुण्यात वाढलेल्या मुलीला हे तोंडपाठ असायचं कारण काय, तर माझा दादा शेटलंडमध्ये लर्विकला सर्जन होता आणि मी स्टॉर्नोवेच्या हॉस्पिटलात भूल द्यायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्यासारख्या डॉक्टरांना लंडनमध्ये नोकऱ्या मिळणं कठीण. ज्या गावाचं नाव ऐकून इंग्रज डॉक्टरांच्या बायका नाक मुरडत, तिथे मात्र आमचं अगत्यानं स्वागत होई. दादा आणि वहिनी आधी गेले. मग माझी वेळ आली तेव्हा स्टॅनमोरच्या काकांनी सल्ला दिला की स्टॉर्नोवेची जागा घे, दादाच्या शेजारी राहशील.

आई-बाबा गेल्यापासून काका म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. ते रोज स्टॅनमोरहून क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात जात, म्हणजे लंडनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि या एका कारणाने प्रवासाच्या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू नये असं त्यांचं मत झालं होतं. त्यांनी जेवणाच्या टेबलावर ॲटलास उघडला. त्या ॲटलासात शेटलंड बेटं एका चौकोनात घातली होती आणि तो चौकोन इनव्हरनेसच्या उजवीकडे, समुद्रात रिकामी जागा होती तिथे, छापला होता. कागद पुरला नाही की नकाशावाले असं करतात. काकांनी स्टॉर्नोवेवर करंगळी ठेवली, पुढची तीन बोटं लावली आणि चौकोनाच्या कडेला पोचले. चार बोटं. दादरहून ठाण्याला जावं तसं, असं म्हणून त्यांनी ॲटलास मिटला आणि काकूंना वाढायला सांगितलं.

मीही तेव्हा नवखी होते. नोकरी घेतली. स्टॉर्नोवेला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या भिंतीवर खरा नकाशा पाहिला. काकांना फोन करून सांगितलं की शेटलंड त्या चौकोनात नाही, ती बेटं कितीतरी वर आहेत, कागदाच्या बाहेर. काका म्हणाले, "चौकोन ही त्यांची हद्द आहे. आपल्याकडे जिल्ह्याची नसते का? नकाशा काढणारे काय मूर्ख आहेत?"

यावर सुप्रीम कोर्टाच्या वर कुठे जाणार? मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची किंमत दोन वर्षांनी मोजावी लागली.

दोन वर्षांनी दादाला मुलगी झाली.

मला किती आनंद झाला हे सरळच सांगते. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आणि लग्न होईल अशी चिन्हं फक्त काकांनाच दिसत होती. माहेर म्हणावं तर दादा, बस्स. त्या मुलीचं बारसं होणार आणि तिच्या कानात तिचं नाव पहिल्यांदा मी सांगणार. तो मान आत्याचा. तो मागावा लागत नाही, आणि मिळाला नाही तर दुसरीकडे विकतही मिळत नाही. नाव दादा-वहिनींनी ठरवलं होतं आणि सरकारी कचेरीत लागलंही होतं, पण कानात सांगेपर्यंत ते सरकारचं नाव, तिचं नव्हे, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

बाळंतपणासाठी वहिनीच्या आई नागपूरहून आल्या होत्या. त्यांना मी मावशी म्हणायची. मावशी कामसू, तोंडाने फटकळ, आणि येताना वाटेत आठवडाभर स्टॅनमोरला राहिलेल्या. म्हणजे काकांनी त्यांना ॲटलास दाखवलेला. लेकीची नणंद चार बोटांवर राहते, हे ज्ञान त्या बरोबर घेऊनच लर्विकला पोचल्या होत्या.

काकांनी पंचांग बघून मुहूर्त काढला तो रविवारचा. का, तर सगळ्यांना सुट्टी. लुईस बेटावर रविवार कसा असतो हे त्यांना कुठून ठाऊक असणार? रविवार म्हणजे देवाचा वार. विमान नाही, बोट नाही, दुकान नाही. माझी घरमालकीण रविवारी दोरीवर कपडे वाळत घालू देत नसे, आणि बागेतले झोकेदेखील शनिवारी बांधून ठेवत. आमच्या एकादशीला निदान साबुदाण्याची खिचडी तरी असते. रविवारी बेटाबाहेर जायला काहीच सोय नाही का, असं मी घरमालकिणीला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली की आहे, शनिवारी जा. शनिवारी मी ड्यूटीवर होते.

दादाने निरोप दिला की आत्याशिवाय बारसं होणार नाही. दादा मुळात कमी बोलतो, आणि जे बोलतो ते मोडत नाही. बारसं पुढे गेलं. मावशींनी भिजवलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या दादाने दोन दिवस डब्यात नेल्या. मात्र रविवारी विमान नसतं यावर मावशींचा विश्वास बसला नाही. त्या म्हणे वहिनीला म्हणाल्या, देवाच्या वारी देवाचं कार्य अडतं हे मी पहिल्यांदा ऐकतेय.

दुसऱ्या वेळी बुधवार ठरवला. रजा घेतली, भाचीसाठी घरमालकिणीने विणलेली टोपी घेतली, काठापदराची साडी घेतली आणि सकाळी विमानतळावर जाऊन बसले. वारा असा सुटला होता की गाडीचं दार उघडायला दोन माणसं लागली. मला घेऊन जाणारं विमान इनव्हरनेसहून यायचं होतं. ते आलं, घिरट्या घातल्याचा आवाज आला, आणि निघून गेलं. काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांना चहा दिला. तिथे विमान रद्द झालं की चहा देतात, आणि मी तिथे खूप चहा प्यायलेली आहे.

फोन केला तर वहिनीने घेतला आणि अवघडल्यासारखं बोलायला लागली. शेटलंडला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मावशींनी खिडकीतून बाहेर पाहिलं होतं, आणि चार बोटांवर वादळ आणि इथे ऊन असं कसं, असा प्रश्न विचारला होता. नागपूरला पाऊस असला की कामठीलाही असतो. मग त्या जे बोलल्या तेही मी खोदून विचारल्यावर वहिनीने सांगितलं. "जवळ राहून जी येत नाही, तिला यायचंच नसतं." आणि पुढे अर्धवट काहीतरी, की लग्न न झालेल्या नणंदेला कधी कधी बघवत नाही.

मी संतापले. मग रडले. मग परत संतापले, आणि काकांना फोन लावला. दोनशे मैल आहेत, वाटेत दोनदा उतरावं लागतं, हे तुम्ही मावशींना फोन करून सांगा, तुमचंच त्या ऐकतील, असं मी त्यांना म्हटलं. काका म्हणाले, तू उगाच मनाला लावून घेतेस, मी रोज क्रॉयडनला जातो, मला का कुणी कौतुकाने विचारतं?

आता उरला एकच वार. मावशींचं परतीचं विमान ठरलेलं होतं. दादा, वहिनी आणि बाळ त्यांना सोडायला लंडनला जाणार होते. निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बारसं, असं दादाने जाहीर केलं. मावशींनी तिसऱ्यांदा हरभरे भिजवले.

त्या दिवशी स्टॉर्नोवेला वारा नव्हता. इतका नव्हता की मला भीती वाटली. विमान वेळेवर आलं, इनव्हरनेसला वेळेवर उतरलं, पुढचं विमान उभंच होतं, कर्कवॉल आलं आणि गेलं. मी साडी नेसूनच निघाले होते, वरून हिवाळी कोट. शेजारी एक ऑर्कनीचा शेतकरी मेंढ्यांविषयी बोलत होता तो उतरला, आणि मी खिडकीतून शेटलंडची वाट बघत बसले. आणि मग खाली पांढरं दिसायला लागलं. सम्बरावर धुकं बसलं होतं. त्या धुक्याखाली दादा गाडी घेऊन उभा असणार हे मला ठाऊक होतं. वैमानिकाने एक फेरी मारली, दुसरी मारली. मग व्हेरी सॉरी म्हणाला आणि विमान वळवलं. दादाच्या डोक्यावरून दोनदा जाऊन मी कर्कवॉलला परत आले.

संध्याकाळी टेलिफोनच्या खोक्यातून फोन केला. या वेळी मावशींनीच उचलला. त्यांना धुकं दिसत होतं, त्यामुळे त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी मला समजावलं. "राहू दे गं आता. बारसं स्टॅनमोरला करू. तुझ्या काकू सांगतील कानात. परदेशात चालतं सगळं."

काकू म्हणजे बाळाची चुलतआजी. आजी आत्या कशी होईल? पण परदेशात चालतं म्हटल्यावर पुढे बोलणं खुंटतं. मी दादाला फोन द्यायला सांगितलं. सकाळचं त्यांचं विमान कर्कवॉलवरूनच जाणार होतं, पण पुढे जाणाऱ्या प्रवाशांना आतच बसवून ठेवत. थोडा वेळ टपाल उतरायचं, माणसं चढायची, की विमान निघालं. मी उतरायचा प्रयत्न करतो, असं दादा म्हणाला, आणि मग, तू काचेजवळ उभी राहा.

म्हणजे निदान दिसशील, असा त्याचा अर्थ होता. रात्रभर मला त्या वाक्याचा राग येत राहिला.

सकाळी धुकं गेलं होतं आणि त्याच्या जागी वारा आला होता. मी विमानतळावर जाऊन काचेजवळ उभी राहिले. काउंटरवर एक लाल केसांची बाई होती. तिला मी सगळं सांगितलं, आत्या, कान, नाव, काकू. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली की प्रवाशांना उतरवणं तिच्या हातात नाही, पण वैमानिकाला विचारून बघते. विमान उतरलं. दार उघडलं. दोन तेलकंपनीचे लोक उतरले, एक बाई उतरली, मग कुणीच नाही. लाल केसांची बाई विमानाकडे चालत निघाली होती, तेवढ्यात दारात मावशी दिसल्या.

पैठणीवर दादाचं टोपीवालं जाड जाकीट, पायात बूट, आणि चेहरा हिरवा. विमान इतकं हललं होतं की मावशींनी उलटीच्या सगळ्या पिशव्या वापरल्या होत्या. मला जमिनीवर उतरवा, असं त्यांनी हवाईसुंदरीला शुद्ध मराठीत सांगितलं होतं आणि ते तिला लगेच कळलं होतं. मागून वहिनी, वहिनीच्या हातात बाळ, आणि मागून दादा. दादाचा चेहरा गंभीर होता, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो मनातून हसत होता.

मावशी बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, अगं, सगळं पाणीच गं, नुसतं पाणी. समोरच्या भिंतीवर विमानमार्गांचा नकाशा होता. तो उत्तरेकडच्या लोकांनीच काढलेला होता, त्यामुळे त्यात शेटलंडला चौकोन नव्हता, ती बेटं आपल्या जागेवर होती. तू कुठे राहतेस ते दाखव, असं मावशी म्हणाल्या. मी दाखवलं. त्या उठल्या, स्टॉर्नोवेवर करंगळी ठेवली आणि बोटं लावायला सुरुवात केली. उजवा हात संपला, मग डावा लावला, आणि मग परत उजवा. तेव्हा कुठे सम्बरा आलं. मी जे फोनवर ओरडून सांगत होते ते भिंतीवर गप्प लटकत होतं.

"मुली," मावशी म्हणाल्या, "तीनदा निघालीस?"

दोनदा निघाले आणि एकदा रविवार होता, असं मी सांगितलं.

मग त्यांच्या अंगात संचारलं. पाळणा कुठे? पाळण्यासारखं तिथे एकच होतं, सामान तोलायचा काटा. मावशींनी त्यावर शाल घातली आणि बाळाला ठेवलं. काटा हलला, आणि काउंटरवरच्या बाईने सवयीने वजन वाचून दाखवलं. पण काटा झुलेना, म्हणून मावशींनी तो नापास केला आणि शालीची झोळी केली. एक टोक वहिनीने धरलं, दुसरं लाल केसांच्या बाईच्या हातात दिलं. पर्समधून कुंकवाची डबी निघाली. वहिनीला लावलं, मला लावलं, त्या बाईलाही लावलं. दादा डबा धरून उभा होता. आदल्या दिवशीच्या घुगऱ्या मावशींनी टाकवत नाही म्हणून बरोबर घेतल्या होत्या. मावशींनी बसक्या आवाजात पाळणा म्हटला. वैमानिक दारात येऊन उभा राहिला, घड्याळाकडे बघितलं, आणि घुगऱ्या घेतल्या.

मी वाकले. बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, आता ते तिचं आहे. आणि तेवढ्यात माझ्या पाठीत पहिला गुद्दा बसला.

बारशाला आत्या कानात कुर्र करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात, हे मी विसरलेच होते. मावशींच्या हाताला नागपूरचं पाटा-वरवंट्याचं वळण. दणादण घालत होत्या. वहिनीनेही एका हाताने झोळी सांभाळत दुसऱ्याने घातले. सामान चढवणारा माणूस तिथला अग्निशामकही होता. तो धावत आला, आणि दोन बायका एका वाकलेल्या बाईला मारतायत आणि एक पुरुष शेजारी उभा राहून डब्यातून खातोय, हे पाहून जागीच थबकला. इज शी ऑल राइट, त्याने विचारलं. दादा म्हणाला की शी इज द आँट. त्या माणसाला हे उत्तर पुरलं. मग लाल केसांच्या बाईने, मी पण का, असं विचारलं आणि हळूच एक घातला.

मी उठलेच नाही. तशीच वाकून रडत राहिले. लुईस बेटावर दोन वर्षांत माझ्याशी सगळे सभ्यपणे हात मिळवत होते, हवा कशी आहे विचारत होते. आपल्या माणसाचा हात असा पाठीत बसल्याला किती काळ लोटला होता, हे मला त्या गुद्द्यांनी कळलं. मावशी थांबल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एवढी लांब राहतेस, मग आधी सांगायचंस ना."

सुटीत डोकं फिरवून घ्यायचं नाही असं ठरवलं.

रजा संपली होती आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. म्हणजे मलाही परत इनव्हरनेसलाच जायचं होतं. लाल केसांच्या बाईने माझं सम्बराचं तिकीट घेतलं आणि त्यांच्याच विमानात जागा करून दिली. मावशी वहिनीशेजारी डोळे मिटून बसल्या. दादाने बाळ माझ्या मांडीवर दिलं. तिच्या मुठीत माझ्या साडीचा काठ आला आणि ती झोपली. खाली समुद्र, मग जमीन. मी हलले नाही, पाय आखडले तरी हलले नाही.

थोड्या वेळाने वैमानिकाचा आवाज आला. वारा मागून आहे, त्यामुळे आपण इनव्हरनेसला दहा मिनिटं लवकर पोचतोय. विमानातले सगळे खूश झाले, कुणी तरी टाळ्याही वाजवल्या. आजवर बिघडलेल्या हवेत मला परत नेणाऱ्या एकाही वैमानिकावर मी इतकी चिडले नव्हते.